सॉफ्टवेअरचा धंदा : मजुरी आणि माल



सॉफ्टवेअरचा धंदा कसा उभा राहतो आणि कसा वाढतो, हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला दिला, तेव्हा आमच्या मनात पहिली शंका आली ती ही की, शिरगावात हा विषय ऐकायला कोण येणार? इकडे किल्ला, तिकडे समुद्र, पलीकडे सातपाटीच्या होड्या आणि मधे नारळीच्या वाड्या. अशा ठिकाणी मासळीच्या भावावर बोलावे, फार तर बोईसरच्या कारखान्यांवर बोलावे. परंतु ही शंका फार वेळ टिकली नाही. २०१३ साली लोकल गाडी डहाणूपर्यंत येऊ लागली. तेव्हापासून पालघरच्या फलाटावर सकाळी उभे राहिले म्हणजे पाठीला संगणकाची पिशवी अडकवलेली मुले-मुली दिसतात. त्यांतली कितीतरी अंधेरीस उतरतात आणि रात्री परत येतात. त्यांची आईवडील मंडळी आज या सभेत बसलेली आहेत. मुलगा 'कंपनीत' आहे, एवढे त्यांना पक्के ठाऊक असते. कंपनी विकते काय, असे विचारले तर पुष्कळदा मुलालाही ते धड सांगता येत नाही.

आणि ज्याला ते सांगता येते, तो लगेच दुसरा प्रश्न विचारतो : रोज इतके तास गाडीत घालवून जे काम आम्ही दुसऱ्यासाठी करतो, तेच इथे बसून स्वतःसाठी का करू नये? या प्रश्नाचे उत्तर 'जरूर करा' असे टाळ्या घेणारे देता येईल. आम्ही तसे देणार नाही, कारण त्या उत्तरावर एखाद्याने बापाची वाडी गहाण टाकावयाची. तेव्हा आधी हा धंदा काय आहे ते पाहू.

संगणक म्हणजे नुसते यंत्र. त्याने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणारी जी आज्ञावली, तिला सॉफ्टवेअर म्हणतात. ती विकण्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत आणि या दोहोंतला फरक ज्याच्या ध्यानात आला नाही त्याने या धंद्यात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिला प्रकार मजुरीचा. गिऱ्हाईक सांगेल ते काम त्याच्यासाठी करून द्यावयाचे आणि माणसांच्या तासांचे पैसे घ्यावयाचे. दुसरा प्रकार मालाचा. एकदा आज्ञावली तयार करावयाची आणि तिच्या प्रती हजारोंना विकावयाच्या. गवंडीकाम आणि छापखाना यांत जे अंतर आहे तेच येथे आहे. गवंड्याला दुप्पट मिळकत हवी असेल तर दुप्पट हात लावावे लागतात. छापखान्यात खिळे जुळवण्याचा सारा खर्च पहिल्या प्रतीवर पडतो. पुढची प्रत कागदाच्या किमतीत निघते, आणि सॉफ्टवेअरला तर कागदही लागत नाही.

हे ऐकून माल विकणे हाच शहाणपणा असे कोणास वाटेल. पण पहिल्या प्रतीचा खर्च आधी करावा लागतो आणि ती प्रत कोणी घेईल की नाही हे मागाहून कळते. मजुरीत मात्र महिनाअखेरीस बिल निघते. आपल्या देशाने आधी मजुरीची वाट का धरली, याचे कारण एवढे सरळ आहे. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली आणि फकीरचंद कोहली यांनी ती वाढवली. आरंभीची कामे कोणती? टाटांच्याच पोलाद कारखान्यासाठी छिद्रांची कार्डे तयार करणे, सेंट्रल बँकेच्या शाखांचे परस्परांतील हिशेब जुळवणे. पुढे अमेरिकेतली कामे मिळाली. १९७३ साली अंधेरीस सीप्झ हे निर्यातीसाठीचे क्षेत्र उघडले. १९८१ साली नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सोबती पाटणी कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी पुण्यात इन्फोसिस काढली. सुधा मूर्तींनी दिलेले दहा हजार रुपये हे भांडवल. त्या काळी कचेरीत टेलिफोन यायला वर्ष लागे आणि परदेशी संगणक आणायचा तर परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत. १९८३ साली ही मंडळी बंगळुरास गेली आणि पुण्याचे ते पुण्य कर्नाटकास लाभले. ही कथा वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा सांगितली आहे की आम्ही येथेच ती सोडतो.

आम्हांला सांगायची आहे ती गोष्ट एका दुरुस्तीच्या दुकानाची.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरकडचे काटकर कुटुंब पुण्यात येऊन राहिले होते. वडील कारखान्यात कामाला. थोरला मुलगा कैलास याने दहावीनंतर शिक्षण सोडले आणि १९८५ च्या सुमारास कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात महिना चारशे रुपयांवर नोकरी धरली. काम हिशेबाच्या यंत्रांचे, म्हणून जाणे-येणे बँकांत असे. तिथेच त्याने संगणक पाहिला आणि उद्याचे काम कोणते हे ताडले. नव्वदीच्या आरंभी सुमारे पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर त्याने मंगळवार पेठेत स्वतःचे लहानसे दुकान थाटले. धाकटा भाऊ संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होता. १९९३ साली 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' ही संस्था निघाली. काम एकच : बिघडलेले संगणक दुरुस्त करून देणे आणि वार्षिक देखभालीचे करार मिळवणे.

आता दुरुस्तीच्या टेबलावर काय दिसते? गिऱ्हाइकाचा खरा त्रास दिसतो. संगणक येत ते पुष्कळदा यंत्रात काही मोडले म्हणून नव्हे, तर आत विषाणू शिरला म्हणून. हा विषाणू म्हणजे रोगजंतू नव्हे, ती एक चोरटी आज्ञावलीच. ती फ्लॉपीच्या तबकडीवरून एका यंत्रातून दुसऱ्यात जाते आणि आतील कागदपत्रांची नासाडी करते. मायकेलअँजेलो नावाचा एक विषाणू त्या शिल्पकाराच्या वाढदिवशी, म्हणजे ६ मार्चला, जागा होत असे आणि तबकडीवरील माहिती पुसून टाकीत असे. १९९२ साली त्याने जगभर घबराट उडवली होती. संजय काटकरांनी अशा विषाणूंना काढून टाकणाऱ्या लहान लहान आज्ञावल्या लिहिल्या. त्या आधी दुकानापुरत्याच होत्या. दुरुस्तीचे काम लवकर उरकावे एवढाच हेतू. पुढे कैलास यांच्या लक्षात आले की, जी गोष्ट आपण फुकट वापरतो तीच विकता येईल. १९९५ साली 'क्विक हील' या नावाने ती बाजारात आली. किंमत सुमारे सातशे रुपये.

विषाणूंचा विषय निघाला म्हणून एक गंमत सांगतो. व्यक्तिगत संगणकांत पसरलेला पहिला प्रसिद्ध विषाणू 'ब्रेन' हा १९८६ साली लाहोरात जन्मला. बासित आणि अमजद अल्वी या दोघा भावांचे तिथे संगणकाचे दुकान होते. आपली वैद्यकीय आज्ञावली लोक चोरून उतरवून घेतात याचा त्यांना राग आला, म्हणून त्यांनी हा विषाणू लिहिला आणि त्यात आपले नाव, पत्ता व टेलिफोन नंबरही घातला! लाहोरचे दोघे भाऊ आणि पुण्याचे दोघे भाऊ. दोघांचीही दुकाने लहान, दोघांपुढेही फुकट्या प्रतींचे संकट तेच.

हे संकट तेव्हा फार मोठे होते. आपल्याकडे गाण्याची कॅसेट विकत घेणारा माणूसही सॉफ्टवेअरला पैसे देणे हा मूर्खपणा समजत असे. तबकडी मित्राकडून आणावी आणि उतरवून घ्यावी, हा रिवाज. अशा बाजारात सातशे रुपयांना न दिसणारी वस्तू विकायची कशी? काटकरांनी जे केले त्यात आम्हांला या धंद्याचे खरे मर्म दिसते. त्यांनी गावोगावच्या संगणक दुरुस्त करणाऱ्यांना आपले विक्रेते केले. स्वतः त्या जातकुळीचे असल्यामुळे त्यांची भाषा कैलास काटकरांना येत होती. मालकाचा संगणक बंद पडला, तीन दिवसांचे काम अडले, डोळ्यांत पाणी यायचे बाकी आहे, अशा घटकेला समोर उभा असतो तो दुरुस्तीवाला. तो म्हणाला, हे घाला, म्हणजे पुन्हा असे होणार नाही, की गिऱ्हाईक घासाघीस न करता पैसे काढते. जाहिरातीवर लाखो रुपये ओतूनही हा विश्वास मिळत नाही. शिवाय विक्रेत्याला प्रत्येक प्रतीवर चार पैसे सुटतात, म्हणून तोही फुकटी प्रत देण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

दुसरी गोष्ट वर्गणीची. विषाणू रोज नवे निघतात. काल विकलेली आज्ञावली उद्याच्या विषाणूला ओळखत नाही. म्हणून नव्या विषाणूंच्या खुणा गिऱ्हाइकाला सतत पुरवाव्या लागतात आणि वर्ष संपले की त्याने पुन्हा पैसे भरावयाचे. खानावळीच्या मासिक कुपनांसारखा हा व्यवहार. पैसे आधी हाती येतात, जेवण नंतर वाढायचे असते. यात मोठे सुख आहे आणि मोठा धोकाही आहे. सुख असे की, पुढच्या वर्षीची मिळकत थोडीफार आजच दिसते. धोका असा की, गल्ल्यात आलेले सगळे पैसे आपलेच वाटू लागतात. त्यांतले अकरा महिन्यांचे जेवण अजून वाढायचे आहे हे विसरले की खानावळ बुडते. आमच्या माहितीत अशा किती तरी आज्ञावल्यांच्या खानावळी बुडाल्या आहेत. नावे घेण्यात स्वारस्य नाही.

काटकरांची बुडाली नाही याचे एक कारण, आमच्या समजुतीप्रमाणे, दुरुस्तीचे दुकान. माल तयार होत असता रोजची चूल दुरुस्तीवर पेटत होती. दुसरे कारण भावांतली कामाची वाटणी : एकाने विकायचे, दुसऱ्याने लिहायचे. आपल्याकडे भावाभावांचे धंदे कोठे फुटतात? दोघेही गल्ल्यावर बसू पाहतात तेथे. २००३ साली पुण्याबाहेरची शाखा नाशिकला निघाली, मग एकामागून एक शहरे. २००७ साली संस्थेने आपल्या मालाचेच नाव घेतले आणि ती क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली. २०१० साली सिकोया कॅपिटल या भांडवलदार संस्थेने तीत साठ कोटी रुपये घातले. २०१६ च्या फेब्रुवारीत तिचे भाग बाजारात आले.

येथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. पण पुढचे ऐका. भाग बाजारात आले त्या पहिल्याच दिवशी त्यांचा भाव विक्रीच्या किमतीखाली घसरला. बाजार लहरी असतो, पण त्याच्या मनात एक शंका होती ती अगदीच निराधार नव्हती. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोजच्या नव्या आवृत्तीबरोबरच विषाणूरोधक आज्ञावली फुकट द्यायला सुरुवात केली होती. घरमालकानेच पंख्यासकट खोली भाड्याने दिली, तर पंखेवाल्याने काय करावे? शिवाय लोकांचे पुष्कळसे काम संगणकावरून खिशातल्या फोनवर गेले. या कंपनीने मग कारखाने, बँका आणि कचेऱ्यांच्या संरक्षणाकडे मोर्चा वळवला; तो माल 'सेकराइट' नावाने विकला जातो. घरच्या गिऱ्हाइकाला दुरुस्तीवाल्याने सांगितलेले पुरते. बँकेचा अधिकारी निविदा मागवतो, चाचण्या घेतो, वर्षभर विचार करतो आणि मग तुमचे पैसे तीन महिने थकवतो. म्हणजे मंगळवार पेठेत शिकलेली विद्या निम्मी निरुपयोगी ठरली आणि भर पन्नाशीत पुन्हा शाळेत बसावे लागले. या धंद्यात वाढ म्हणतात ती अशी असते.

पुण्यातच १९९० साली आणखी दोन कंपन्या जन्मल्या, त्यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत डॉक्टरेट करून ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम केलेले आनंद देशपांडे परत आले आणि त्यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स काढली. इतरांचे माल तयार करून देणे हेच त्यांनी आपले कौशल्य मानले. वीस वर्षांनी, २०१० साली, त्यांची कंपनी भागबाजारात गेली. दुसरी केपीआयटी. कीर्तने आणि पंडित या हिशेबतपासनिसांच्या पेढीतून ती निघाली. रवि पंडित आणि किशोर पाटील हे तिचे प्रमुख. आरंभी त्यांनी नाना प्रकारची कामे घेतली, पण पुढे २०१९ च्या सुमारास बाकीचा धंदा बिर्लासॉफ्टकडे देऊन त्यांनी केवळ मोटारींच्या आज्ञावल्या हेच क्षेत्र ठेवले. निम्मे गिऱ्हाईक सोडून देण्याचा हा निर्णय घेताना पोटात गोळा येत नसेल काय? पण ज्याला मोटारीचे इंजिन कसे चालते हे ठाऊक आहे, त्याच्याशी नुसती आज्ञावली लिहिता येणारा स्पर्धा करू शकत नाही.

आता आपल्या भागाकडे येतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाला रंग देणारे, रसायने करणारे लहान-मध्यम कारखाने पुष्कळ आहेत. रंगारी कारखान्यात एकाच लालाच्या दहा छटा असतात. गिऱ्हाइकाने मागच्या वर्षीचा तुकडा दाखवून 'हीच शेड द्या' म्हटले की मास्तर वही धुंडाळू लागतो. ही वही मास्तराची खाजगी मालमत्ता असते. मास्तर सोडून गेला की कारखान्याची विद्या गेली. सांडपाणी किती निघाले, त्यावर प्रक्रिया कोठे झाली, याचे हिशेब द्यावे लागतात, आणि ते चुकले तर कारखान्याला टाळे लागते; टाळे लागलेल्या कारखान्याच्या फाटकापाशी उभे राहिलेले कामगार या भागात कोणी पाहिले नाहीत असे नाही. इकडे मच्छिमार सोसायटीत सभासद डिझेल, बर्फ, जाळ्याचे सूत उचलतो आणि मासळीच्या विक्रीतून ते वळते होते. पापलेटाची प्रत वजनावर ठरते. डिझेलवरचा कर परत मिळवण्यासाठी कागद वेगळे. पलीकडे डहाणू-घोलवडचा चिकू, केळवे-माहीमच्या पानवेली. त्यांचा माल रोज जातो आणि पैसे दलालाच्या सोयीने येतात.

असा त्रास जेथे आहे तेथे आज्ञावलीला गिऱ्हाईक आहे. बंगळुराच्या गोएंका पितापुत्रांचे उदाहरण घ्या. वडील गिरण्यांना माल पुरवीत. त्यांच्या हिशेबाला सोयीची आज्ञावली बाजारात मिळेना, म्हणून गणिताचा पदवीधर असलेल्या मुलाने, भरत गोएंकांनी, ती लिहिली. १९८६ साली निघालेल्या त्या धंद्याचा माल म्हणजे आज गल्लोगल्लीच्या हिशेबनिसाच्या टेबलावर दिसणारी टॅली. तिचा पहिला परीक्षक घरातच होता आणि तो रोज कटकट करीत होता. अशी कटकट करणारी माणसे आपल्याकडे प्रत्येक घरात आहेत.

पण मग अडचण कोणती? पहिली, गिऱ्हाईक थोडे. एका किनाऱ्यावर सोसायट्या असतील किती? तेव्हा मालाची घडण अशी हवी की तो रत्नागिरीला, गुजरातेत वेरावळला किंचित फेरफार करून चालावा. प्रत्येकासाठी वेगळा करून देऊ लागलात की तुम्ही पुन्हा गवंडी झालात, तेही स्वस्तातले. दुसरी, ओळखीचे गिऱ्हाईक पैसे देत नाही. 'अरे, तू आपल्या अमक्याचा मुलगा ना?' हा प्रश्न या धंद्यात फार महाग पडतो. तिसरी अडचण अगदी नवी आहे. २०२२ च्या अखेरीपासून अशी यंत्रे लोकांच्या हाती आली आहेत की साध्या भाषेत सांगितले असता ती आज्ञावली लिहून देतात. नुसती आज्ञावली लिहिणे हीच ज्यांची विद्या, त्यांच्या मजुरीचा भाव यामुळे पडणार, अशी भीती अंधेरीच्या कचेऱ्यांत आज आहे, आणि गाडीने रोज जाणाऱ्या मुलांना ती जाणवते. मात्र पापलेटाची प्रत कशी लावतात, दर्यावर गेलेल्या तांडेलाचा वाटा कसा निघतो, मास्तराच्या वहीतल्या कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे त्या यंत्राला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगणारा येथला असेल तर त्याचे पारडे पूर्वीपेक्षा जड आहे, असे आम्हांला वाटते.

म्हणून नोकरीतल्या मुलांना आमचा सल्ला असा : नोकरी इतक्यात सोडू नका, ती तुमचे दुरुस्तीचे दुकान आहे. रविवारचा दिवस एकाच गिऱ्हाइकाच्या पेढीवर घाला. पहिल्या गिऱ्हाइकाकडून, तो मामा असला तरी, पैसे घ्या; थोडे घ्या, पण घ्या. आणि त्याने दुसऱ्या वर्षी आपणहून पुन्हा पैसे भरले काय, हे पाहिल्याशिवाय दुसरा माणूस नोकरीला ठेवू नका, कर्ज तर काढूच नका. पहिल्या वर्षी लोक भिडेने घेतात.

सोसायटीच्या कारकुनाशेजारी बसून त्याचे काम पाहायचे तर तेही कोणत्याही दिवशी जमत नाही. होड्या लागल्या की त्याला मान वर करायला फुरसत नसते. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर चढवलेल्या असतात आणि वर्षभराच्या वह्या टेबलावर उघड्या पडलेल्या असतात. तो हंगाम आता जवळ आला आहे.